महादजी शिंदे यांची कवायती फौज

इ. स. १७६१ मध्ये पानिपत येथे मराठ्यांचा मोठा पराभव झाला. तेथून परतत असता तरुण महादजी शिंदे यांच्या पायावर शत्रूचा घाव बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचविले. पाय मात्र जन्माचा अधू झाला.

केवळ शौर्याने लढाया जिंकता येत नाहीत, हे महादजींनी ओळखले. १७८४ मध्ये त्यांनी डिबॉईन या युरोपीय सेनानीस पलटणी तयार करण्यास सांगितले. त्या काळची चकमकीची बंदूक भरण्यास वेळ लागे. दारू व गोळी नळीत गजाने ठासावयाची, नेम धरून चाप ओढावयाचा आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा! तेवढ्या अवधीत शत्रूचे घोडेस्वार अंगावर येत. म्हणून एका रांगेने बार काढावा व दुसरीने बंदुका भराव्या, असा सराव शिपायांकडून करवून घेत. आग्र्यास तोफा व बंदुका तयार होऊ लागल्या. शिपायांना पगारही वेळेवर मिळे.

१७८७ मध्ये लालसोट येथे कठीण प्रसंग आला. महादजींच्या बाजूच्या बादशाही पलटणी शत्रूस मिळाल्या. डिबॉईनच्या शिपायांनी मात्र आपली फळी मोडू दिली नाही. महादजींनी माघार घेतली, पण धीर सोडला नाही. त्यांनी अशा पलटणी वाढविल्या आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे विजय मिळविले.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी निवर्तले. पुढच्याच वर्षी, आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेजवळील खर्डा येथे, त्यांच्या पलटणी मराठ्यांच्या बाजूने निजामाविरुद्ध लढल्या. धनी गेला, तरी त्याने लावलेली शिस्त रणांगणावर उभी होती.