गामा पैलवान आणि त्याची जोड

वाचकहो, आपला हा पट्टा कारखान्यांचा. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरीपासून थेट चाकणपर्यंतची गावे यंत्रांच्या आवाजाने भरून गेली. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून जी माणसे पोटासाठी येथे आली त्यांनी आपल्याबरोबर कुस्तीचे वेडही आणले. येथील मूळच्या गावांत ते होतेच. म्हणून जत्रेच्या दिवशी पहिली पाळी संपवून माणसे अजूनही आखाड्याकडे धाव घेतात. तेथे हलगी कडाडू लागली की जाणता माणूस शेजाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो हा, की आज जोड कोणाची? पैलवान कितीही नामी असो, त्याच्यासमोर कोण उभा आहे हे कळल्याखेरीज कुस्तीची किंमत ठरत नाही.

हाच प्रश्न आपण गामा पैलवानाविषयी मात्र सहसा विचारीत नाही. गामाचे नाव ठाऊक नाही असे घर नाही. उगाच छाती फुगविणाऱ्याला आपण सहज म्हणतो, स्वतःला गामा समजतोस काय? त्याच्या रोजच्या हजारो बैठका, त्याचे दूध, त्याचे बदाम, यांचे आकडे प्रत्येक पिढी थोडे थोडे वाढवीत आली. बडोद्याच्या संग्रहालयात एक शिळा आहे. ती बाराशे किलोंची असून 1902 साली गामाने उचलली, असे सांगतात. आज जगातील सर्वांत बलाढ्य माणसे जमिनीवरून पाचशे किलोंच्या आसपास वजन उचलू शकतात, तेव्हा या बाराशे किलोंचा हिशेब आपण शाळेतल्या मुलांनाही पटवून देऊ शकणार नाही. गामाला मोठे ठरविण्यासाठी त्या शिळेची गरजही नाही. तो कोणाशी लढला, आणि कोणाशी त्याला लढू दिले गेले नाही, एवढे पाहिले तरी पुरे.

गामाचे खरे नाव गुलाम महंमद बक्ष. जन्म 1878 च्या सुमाराचा, अमृतसरच्या परिसरातला. घराणे काश्मिरी मुसलमान पैलवानांचे. वडील महंमद अजीज हे स्वतः मल्ल होते. परंतु गामा पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आजोबा आणि मामा यांनी पोराला तालमीत घातले. दहाव्या वर्षाच्या आसपास जोधपूरच्या दरबारात बैठकांची स्पर्धा झाली. शेकडो मल्ल एकेक करून खाली बसले आणि शेवटी जे थोडे उभे राहिले त्यांत हा मुलगा होता. जोधपूरच्या महाराजांनी त्याचा गौरव केला. पुढे दतियाच्या संस्थानाने त्याला पदरी ठेवले, खुराक दिला आणि गामा वाढला.

आता त्याच्या पहिल्या खऱ्या जोडीकडे येऊ. गुजराणवाल्याचा रहीम बक्ष सुलतानीवाला हा त्या काळचा हिंदुस्थानातील अव्वल मल्ल. उंची जवळजवळ सात फूट होती असे सांगतात. गामा अवघा पाच फूट सात-आठ इंचांचा. 1895 साली सतरा वर्षांचा गामा त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा सलामी होताच कुस्ती मिटेल असेच लोकांना वाटले असेल. ती मिटली नाही, बरोबरीत सुटली. गामाचे नाव त्या दिवसापासून झाले, आणि लक्षात घ्या, ते विजयाने झाले नाही. पुढे पंधरा वर्षांत गुलाम मोहिउद्दीन, अलीबाबा सैन, मुलतानचा हसन बक्ष असे एकाहून एक मल्ल त्याने चीत केले. रहीमशी मात्र कुस्त्या होत राहिल्या आणि सुटत राहिल्या. 1910 साल उजाडले तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात गामाने पाडला नाही असा एकच मोठा पैलवान उरला होता.

त्याच वर्षी शरतकुमार मित्र या बंगाली धनिकाच्या आश्रयाने गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी दोघे मल्ल लंडनला गेले. तेथे गामाची उंची पाहूनच त्याला स्पर्धेबाहेर ठेवले गेले, अशी हकीकत सांगितली जाते. तेव्हा त्याने जाहीर आव्हान टाकले की कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना मी तीस मिनिटांत पाडीन. लोकांना ती तमासगिरी वाटली. जगज्जेता फ्रँक गॉच आणि त्याच्या आधीचा जगज्जेता जॉर्ज हॅकेनश्मिट यांनाही त्याने नाव घेऊन बोलाविले. दोघांपैकी कोणी पुढे आला नाही. आला तो अमेरिकेचा बेंजामिन रोलर, पेशाने डॉक्टर. गामाने त्याला पहिल्यांदा पावणेदोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा नऊ-दहा मिनिटांत पाडले. इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला चीत केले ते अशाच झपाट्याने.

10 सप्टेंबर 1910 रोजी गामाची पोलंडच्या स्तानिस्लाव झिबिस्कोशी कुस्ती झाली. पणाला जॉन बुल नावाचा पट्टा आणि अडीचशे पौंड. पहिल्याच मिनिटात गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्को गादीला जो चिकटला तो जवळजवळ अडीच तास उठला नाही. आपल्याकडच्या मातीत असा प्रकार झाला असता तर प्रेक्षकांनी फेटे भिरकावले असते. परंतु तिकडच्या नियमांत पाठ टेकल्याशिवाय हार नव्हती. कुस्ती बरोबरीत सोडविण्यात आली. आठवड्याने, 17 सप्टेंबरला, पुन्हा लढावयाचे ठरले; पण झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. न लढता मिळालेला हा पट्टा! तोच त्याच्या जगज्जेतेपदाचा पुरावा म्हणून आपण सांगत आलो आहोत.

त्याच 1910 सालच्या 4 जुलैला अमेरिकेत रेनो येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने जेम्स जेफ्रीज या गोऱ्या माजी विजेत्याला लोळविले होते. हेवीवेट गटाचे अजिंक्यपद जॉन्सनने 1908 च्या अखेरीस सिडनीत मिळविले, पण ती एक लढत मिळावी म्हणून त्याला आधीच्या विजेत्याचा देशोदेशी पाठलाग करावा लागला होता. पुढे 1919 ते 1926 पर्यंत विजेता असलेला जॅक डेम्प्सी हॅरी विल्स या काळ्या योद्ध्याशी कधीच लढला नाही. आणि स्वतः जॉन्सनने? विजेता झाल्यावर त्यानेही सॅम लँगफर्डसारख्या तयारीच्या काळ्या योद्ध्याला पुन्हा संधी दिली नाही. सिंहासनावर बसलेला माणूस जोड निवडून घेतो, मग त्याचा रंग कोणताही असो. गामाच्या वाट्याला निवडण्याचा हक्क आला नाही. त्याने बोलाविले आणि समोरच्यांनी ऐकले नाही. गॉच 1911 मध्ये हॅकेनश्मिटला दुसऱ्यांदा हरवून थोड्याच वर्षांत निवृत्त झाला आणि 1917 साली वारलाही. ती कुस्ती कायमची राहून गेली.

मुष्टियुद्धातलेच आणखी एक उदाहरण घेऊ. रॉकी मार्सियानो 49 लढती जिंकून, एकही न हरता 1956 साली निवृत्त झाला. तरीही जाणकार आठवण करून देतात की 1951 साली त्याने जो लुईसला पाडले तेव्हा लुईस सदतीस वर्षांचा आणि थकलेला होता. उलट महंमद अली पाच वेळा हरला. पण लिस्टन, फ्रेझर, फोरमन यांच्यासारखे भयंकर प्रतिस्पर्धी त्याने अंगावर घेतले, म्हणून त्याचे स्थान अढळ राहिले. गामाला या दोघांच्या शेजारी उभा केला तर तो मार्सियानोसारखा अजिंक्य ठरतो, परंतु अलीसारखा त्याचा कस लावणारा मल्ल त्याला एकच लाभला, तो रहीम.

विलायतेहून परतल्यावर अलाहाबादेस या दोघांची अखेरची मोठी कुस्ती झाली आणि दीर्घ झुंजीनंतर ती गामाकडे गेली. तो रुस्तुम-ए-हिंद झाला. रहीमचे वय तोवर उतरणीला लागले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. गामालाही याची जाणीव असावी, कारण आपला सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी म्हणून त्याने आयुष्यभर रहीमचेच नाव घेतले. गोऱ्या मल्लांपैकी कोणाचे घेतले नाही.

आपल्या महाराष्ट्राचा या घराण्याशी संबंध जडला तो कोल्हापुरात. छत्रपती शाहू महाराजांनी 1902 च्या विलायत प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि तसेच कुस्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे असा ध्यास घेतला. ते खासबाग मैदान 1912 साली पुरे झाले. त्याच्या उद्घाटनाची कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्यात लावण्यात आली व इमामबक्षाने ती जिंकली. पंजाबच्या मल्लांना करवीरच्या मातीत उतरविणाऱ्या महाराजांनी पैलवानाची जात वा धर्म पाहिला नाही. पाहिली ती जोड. गामाशी लढू इच्छिणाऱ्याने आधी इमामबक्षाला पाडून दाखवावे असा पुढे रिवाजच पडला होता, असे म्हणतात. म्हणजे पाहा, रहीमनंतर गामाच्या तोडीचा मल्ल राहिला तो त्याच्याच घरात, आणि भावाशी कोण लढणार!

यानंतरची वर्षे हकीकतीच्या दृष्टीने रिकामीच. मल्लाची ऐन उमेदीची वर्षे म्हणजे बत्तीसपासून चाळीस-बेचाळीसपर्यंतची, आणि या काळात गामा रोज पहाटे मेहनत करीत राहिला ती बहुतांशी न येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी. 1916 साली पंडित बिद्दू या नावाजलेल्या मल्लाला त्याने हरविले, एवढीच ठळक नोंद.

अखेर 1928 च्या जानेवारीत पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनी झिबिस्कोला बोलावून घेतले. मधल्या काळात झिबिस्को अमेरिकेत दोनदा जगज्जेता झाला होता. तिकडच्या कुस्त्या तोवर ठरवून होऊ लागल्या होत्या. 1925 साली याने ठरलेले बाजूस सारून वेन मन या विजेत्याला खरोखरीच पाडले होते. अशा माणसाला लंडनच्या एका प्रसंगावरून भित्रा म्हणणे मला पटत नाही. पन्नाशीला टेकलेला तो मल्ल समुद्र ओलांडून गामाच्या मुलखात, गामाच्या मातीत उतरला, हे धैर्यच होय. कुस्ती मात्र एक मिनिटही टिकली नाही. लंडनला अडीच तासांत जे झाले नाही ते पतियाळात काही सेकंदांत झाले. पुढच्याच वर्षी पीटरसन नावाचा मल्ल आला, तोही दीड-दोन मिनिटांत गेला. त्यानंतर कोणी आले नाही.

1947 साली देश दुभंगला तेव्हा गामा लाहोरात होता. आपल्या गल्लीतील हिंदू शेजाऱ्यांच्या दारात तो आपले पठ्ठे घेऊन उभा राहिला आणि चालून आलेल्या जमावाला त्याने परतवून लावले, अशी आठवण सांगितली जाते. ती खरी मानली तर, वाचकहो, शस्त्र घेऊन आलेल्या त्या जमावासमोर सत्तरीच्या घरातला हा म्हातारा उभा होता, आणि येथे तर जोडीचा प्रश्नच नव्हता.

शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. संस्थाने गेली, तसा पैलवानांचा खुराकही गेला. भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी त्याला मदत पाठविली. पाकिस्तान सरकारनेही थोडाफार हात दिला. इमामबक्षाचा मुलगा भोलू याने घराण्याची तालीम पुढे चालविली. 23 मे 1960 रोजी लाहोरात गामा पैगंबरवासी झाला. झिबिस्को त्याच्यानंतर सात वर्षे जगला आणि 1967 साली अमेरिकेत वारला.