पंडिता रमाबाई व वनप्रांतांतील स्त्रिया

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत तेंदूपत्त्याच्या हंगामीं पहांटेस रानांत शिरून पानें खुडणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असतो. ७० पानांचा पुडा बांधतांना त्यांचा हिशोब सहसा चुकत नाहीं. २०१४ पासून जनधन योजनेमुळें अनेकींच्या नांवें बँकेंत खातींहि निघालीं. परंतु पासबुकांतील आंकडा जिला वाचतां येत नाहीं, तिचें खातें नांवापुरतेंच तिचें होय. या प्रसंगीं आम्हांस पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवतें.

बाईंचा जन्म १८५८ सालचा. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें. तिनें तें कन्येस दिलें. पुढें आईबाप दुष्काळानें गेले. बंधूसह पायीं देश हिंडत बाई कलकत्त्यास पोहोंचल्या, व १८७८ सालीं तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता ही पदवी दिली. एवढी विद्या घरांत असतां ती भुकेपुढें लंगडी पडली, हें बाई कधीं विसरल्या नाहींत, असें त्यांच्या पुढील कार्यावरून आम्हांस वाटतें.

१८८२ सालीं वैधव्य आलें. १८८९ च्या मार्चांत त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. बाईंनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यावरून १८९३ त मोठा बोभाटा होऊन पुष्कळांनीं आपल्या मुली सदनांतून काढून नेल्या. त्या वादांत दोष सर्वस्वीं एका पक्षाचा नव्हता, एवढेंच आम्ही म्हणतों.

१८९६-९७ त मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. चांदा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत मोडत असे, व आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ पर्यंत चांद्याचाच भाग होता. बाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों निराधार मुली घेऊन आल्या. दौंडजवळ केडगांवीं त्यांची सोय लावली. या मुलींपैकीं बहुतेक खेड्यांतल्या व निरक्षर. त्यांस अक्षरओळख दिलीच, पण शेती, विणकाम, शिवण, गुरांची निगा, तेल काढणें हींहि कामें शिकविलीं. तेथील छापखान्यांत खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सर्व कामें बायकाच करीत. काल अन्नास महाग असलेली मुलगी आज खिळे जुळविते, हें दृश्य त्या काळीं किती घरांस मानवलें असेल! बाई १९२२ च्या एप्रिलांत वारल्या.

आज चिचपल्लीस बांबूकामाचें शिक्षण मिळतें. मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकूं लागली. माल रानांतला, हात बायकांचे. आमच्या वाचकांत या मालाचे व्यापारी आहेत. चुकारा करितांना रक्कम घरधन्याच्या हातीं न देतां जिनें पान खुडलें तिच्या खात्यांत टाकावी, व पावती तिच्याकडूनच वाचवून घ्यावी. वाचतां न आल्यास त्याच फडावर हंगामभर एक शिक्षिका बसविण्यास फार खर्च येणार नाहीं.