आनंदीबाईंची तीन वर्षे

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयातून नेलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मी आजीला वाचून दाखवले. आजीने ते शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच विचारले, की इतके शिकून, परत येऊन एकाही बाईला औषध न देता पोर गेली. मग त्या शिक्षणाचा उपयोग काय? मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधावे म्हणून हे लिहीत आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने कितीतरी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. त्या हट्टापायी त्यांनी लहानग्या आनंदीवर हातही उगारला, हे आनंदीबाईंच्याच पत्रांवरून कळते. हे झाकून ठेवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. पण दार उघडले तेही त्याच माणसाने, हेही तितकेच खरे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या काळी पुरुष डॉक्टरपुढे जाणे बायकांना मरणाहून कठीण वाटे आणि स्त्री डॉक्टर तर मिळतच नसे. आपणच डॉक्टर व्हायचे, हा निश्चय त्या दुःखातून झाला.

गोपाळरावांनी मिशनरी वाइल्डर यांना पाठवलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना ते त्यांच्या वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले आणि दोघींत मावशी-भाचीचे नाते जडले. पुढे फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी लोकांना बजावून सांगितले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. पती बरोबर नव्हते. सोबत मिशनरी बायकांची. ४ जूनला न्यूयॉर्क आले.

त्यांचे कॉलेज फिलाडेल्फियाचे, पेनसिल्व्हेनियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय. इतर वैद्यकीय कॉलेजे बायकांना दारात उभी करीत नसत, म्हणून १८५० साली काढलेले हे लहानसे कॉलेज. प्रमुख रेचेल बॉडले, स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी या परदेशी मुलीला प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. अभ्यास तीन वर्षांचा. शरीररचना, औषधे, प्रसूतिशास्त्र शिकायचे, प्रेताचे विच्छेदनही करायचे. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या मुलीने हे सारे परक्या भाषेत केले.

१८८५ साली घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडीत आहेत. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपापल्या देशाच्या पोशाखात. तीन देशांच्या तीन मुली एकाच लहान कॉलेजात डॉक्टरकी शिकत होत्या. मी ते चित्र फार वेळ पाहत बसले. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला लागल्या तेव्हा आनंदीबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. मीही दुसऱ्या वर्षाला, मीही एकोणीस वर्षांची. मला एस.टी. चुकली तरी रडू येते.

तिथली थंडी कडाक्याची, आहार शाकाहारी आणि अपुरा. प्रकृती ढासळत गेली आणि क्षयाने घर केले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला तो १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. शत्रू कोण ते कळले होते, पण त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसीन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. तशा प्रकृतीतही त्यांनी प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी हाती आली तेव्हा वयाची एकवीस वर्षे पुरी व्हायला वीस दिवस बाकी होते.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली. हेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आनंदीबाई नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला गेल्या आणि मावशींनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

मग उपयोग काय? पदवीदान समारंभाला गोपाळरावांबरोबर पंडिता रमाबाईही हजर होत्या. त्या मुद्दाम त्यासाठी अमेरिकेला गेल्या, तिथेच राहिल्या, गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी पैसा आणि माणसे जोडली आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. एका आजारी मुलीच्या पदवीदानाला निघालेली बाई परतली ती शाळा घेऊन. शिक्षणाचा हिशेब शिकणाऱ्याच्या आयुष्याबरोबर संपत नाही, तो असा.

आजीची दोन बाळे बाळंतपणातच गेली. गावात डॉक्टर नव्हता आणि रस्ताही नव्हता. तिचा प्रश्न खवचट नव्हता. तो त्या दोन बाळांच्या आठवणीतून आला होता, हे मला उशिरा उमगले. माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे आणि नर्सिंगला जाते म्हणते. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. आमच्या घरात शेवटचा शब्द आजीचा असतो. हा अंक मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी नेणार आहे आणि पहिल्याच रात्री हा लेख आजीला वाचून दाखवणार आहे.