मोजून भूल देणारा डॉक्टर

जॉन स्नो हे नाव निघाले की आठवतो तो लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे त्यांनी १८५४ मध्ये तिथे दाखवून दिले. पण स्नो यांचे रोजचे काम वेगळेच होते. ते रुग्णांना भूल देत.

१८१३ मध्ये यॉर्क शहरात एका मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे उमेदवारीला राहिले. पुढे लंडनला येऊन शिकले आणि सोहो भागात त्यांनी साधा दवाखाना थाटला.

ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि डिसेंबरमध्ये ईथर लंडनला पोहोचले. मात्र कधी रुग्णाला भूल चढतच नसे, तर कधी तो मध्येच हातपाय झाडू लागे. स्नो यांनी कारण शोधले. हवा जितकी उबदार, तितकी ईथरची वाफ तिच्यात जास्त मावते. म्हणजे तापमान ठाऊक नसेल, तर रुग्णाच्या पोटात नव्हे, फुप्फुसात किती औषध गेले हेही कळत नाही. त्यांनी तापमान आणि वाफेच्या प्रमाणाचा तक्ता प्रसिद्ध केला, पाण्यात ठेवून वापरायचे उपकरण बनवले आणि भुलीच्या पाच पायऱ्या सांगितल्या.

१८४७ च्या अखेरीस क्लोरोफॉर्म आले. त्याला उपकरण लागत नसे. रुमालावर ओतले की काम भागे. त्यामुळे ते झपाट्याने पसरले. जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात १५ वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. याआधी एक नख रुग्णालयात ईथर देऊन सुखरूप काढले होते. या वेळी घरीच, कापडावर ओतलेले क्लोरोफॉर्म हुंगवले गेले. काही मिनिटांतच ती दगावली.

तिच्या मृत्यूच्या कारणाबद्दल आजही मतभेद आहेत. स्नो यांचे निदान असे की, कापडावरून तीव्र वाफ एकदम आत जाते आणि हृदय बंद पाडते. श्वासातल्या हवेत तिचे प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. औषध तेच, पण प्रमाण चुकले की जीव जातो.

एप्रिल १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात त्यांनी प्रत्येक कळेबरोबर थोडे थोडे क्लोरोफॉर्म दिले. त्यानंतर बाळंतपणात वेदना कमी करण्याला असलेला विरोध निवळू लागला. रुग्णालयातल्या गरिबांच्या शस्त्रक्रिया असोत की राजवाड्यातले बाळंतपण, स्नो वहीत नोंद करत. क्लोरोफॉर्मने झालेले ५० मृत्यू त्यांनी एकेक करून तपासले. त्यावरचे पुस्तक पूर्ण होत असतानाच, जून १८५८ मध्ये, ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुस्तक त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.

क्लोरोफॉर्म आता वापरात नाही. प्रश्न मात्र उरला आहे. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांच्या आवाक्यात नाही, असे लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये नोंदवले. ग्रामीण रुग्णालयात थिएटर असते, सर्जनही असतो, पण भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सिझेरियनसाठी आलेल्या बाईला रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागते. यावर उपाय म्हणून आपल्याकडे एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे भुलीचे प्रशिक्षण दिले जाते. स्नोही मुळात साधे दवाखानेवालेच होते. पण अशा डॉक्टरच्या हाताशी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन आणि अडचणीत फोन उचलणारा वरिष्ठ हवा. नुसते औषध पोहोचवणे म्हणजे पुन्हा रुमालावर ओतणेच.