शिराजला जाण्यापूर्वी : ख्वाजा हाफिज



आयुष्यात एकदा तरी इराणातील शिराज शहर पाहावे, अशी इच्छा तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. असा बेत ठरला की आपण प्रथम खर्चाचा हिशेब करतो, मग हवामानाची चौकशी. शिराज समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळा तेथे बोचरा असतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र नारंगीच्या फुलांचा सुगंध शहरभर दरवळतो. प्राचीन तख्ते जमशेदचे अवशेषही तेथून सुमारे ६० किलोमीटरवरच आहेत. ही सर्व माहिती हवीच. परंतु ज्याच्या मजारीवर तुम्ही उभे राहणार, त्याचे चरित्र ठाऊक नसेल तर तुम्हांला तेथे केवळ संगमरवर दिसेल.

ख्वाजा शम्सुद्दीन मुहम्मद यांचा जन्म चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात शिराज येथे झाला. जुन्या चरित्रकारांनी सांगितले आहे, की वडील लवकर वारले व घरची स्थिती हलाखीची झाली. कोवळ्या वयात हा मुलगा एका भट्टीवर पीठ मळण्याच्या कामास लागला. वाटेवर एक मकतब होते. उरलेल्या वेळात तो तेथे जाऊन बसू लागला. आपल्या मजुरीचे त्याने तीन वाटे केले : एक आईला, एक उस्तादांना आणि एक गोरगरिबांना. पुढे त्याने संपूर्ण कुराणशरीफ मुखोद्गत केले आणि 'हाफिज' हेच त्याचे जगप्रसिद्ध नाव झाले.

त्यांचा काळ शांततेचा नव्हता. आश्रय देणारा अबू इसहाक इंजू १३५३ मध्ये सत्ता गमावून बसला. त्याच्यानंतर आलेल्या कठोर मुबारिजुद्दीनला १३५८ मध्ये त्याच्याच मुलाने, शाह शुजाने, पदच्युत करून आंधळे केले. तख्ते उलथत होती, पण हाफिजसाहेबांचे पठण आणि अध्यापन चालूच होते. शिकवण्याच्या व्यापात त्यांना स्वतःच्या गझला एकत्र करण्यासही सवड झाली नाही. ते काम त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे स्नेही मुहम्मद गुलअंदाम यांनी केले. आज त्या दीवानात सुमारे ५०० गझला आहेत.

आता आपल्या दख्खनशी निगडित असलेली हकीकत ऐका. अहमदनगरात वाढलेल्या फरिश्ता या इतिहासकाराने ती नोंदवली आहे. बहामनी सुलतान दुसरा मुहम्मदशाह (१३७८–१३९७) याच्या दरबारातून मीर फजलुल्लाह इंजू यांनी हाफिजसाहेबांना निमंत्रण धाडले व वाटखर्चही पाठवला. त्यांनी त्यातून बहिणीच्या मुलांना दिले, कर्ज फेडले आणि ते निघाले. लार येथे एक विपन्न मित्र भेटला. उरलेली रक्कम त्याच्या हाती गेली. दोन व्यापाऱ्यांच्या मदतीने ते होर्मुझला पोहोचले, जहाजातही चढले. इतक्यात वादळ उठले. ते उतरून शिराजला परतले आणि त्यांनी दख्खनला एक गझल पाठवून दिली. सुलतानाने राग न धरता त्यांना नजराणा पाठवला. विचार करा, दुसऱ्यांच्या गरजांत ज्याने वाटखर्च संपवला, त्याचा प्रवास अपुरा राहिला असे आपण म्हणावे काय?

सुमारे १३९० मध्ये शिराजलाच त्यांचे देहावसान झाले. १७७३ मध्ये करीमखान झंद याने कबरीवर संगमरवरी शिळा बसवली. सध्याचा आठ खांबांचा मंडप १९३० नंतरच्या दशकात उभा राहिला. संध्याकाळी तेथे जा. लहानथोर इराणी माणसे शिळेवर बोटे टेकवून उभी असलेली दिसतील.

पालकहो, पहाटे पाव टाकून शाळेत येणारी मुले माझ्याही वर्गात आहेत. दुसऱ्या तासाला त्यांचे डोळे मिटू लागतात. घरचा कर्ता पुरुष गेला, म्हणून दाखला मागायला आलेल्या माताही मी पाहिल्या आहेत. त्यांची अडचण खोटी नसते. म्हणून माझी विनंती एवढीच : मुलाला काम करावे लागले तरी वाटेवरचे मकतब बंद करू नका. मजुरीतला एक वाटा शिक्षणासाठी राखून ठेवा, आणि ज्याच्या घरी तोही निघत नसेल त्याच्यासाठी आपण सर्वांनी आपला तिसरा वाटा काढू या.

शिराजचा प्रवास घडेल तेव्हा घडो. त्याची तयारी येथूनच सुरू होते.