वकिलीच्या सावलीत बहरलेले गणित

‘मॅटलॅब’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘आय’ ही आज्ञा देऊन कंसात १००० हा आकडा लिहिला, की क्षणार्धात दहा लाख घरांचा चौकोनी तक्ता तयार होतो. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णावर एक हजार ‘१’ आणि उरलेल्या सर्व घरांत शून्ये. हाच एकक मॅट्रिक्स. त्याने दुसऱ्या मॅट्रिक्सला गुणले, तर त्यात काहीही बदल होत नाही. हे बीजगणित सुसूत्रपणे मांडणारे आर्थर केली हे त्या काळी लंडनमध्ये वकिली करीत होते.

केली यांचा जन्म १६ ऑगस्ट १८२१ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. वडील सेंट पीटर्सबर्गमध्ये व्यापारी असल्याने त्यांचे बालपण रशियात गेले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधून १८४२ मध्ये ते गणितात सर्वप्रथम आले. फेलोशिप मिळाली, पण ती मुदतीची होती आणि पुढे टिकवायची, तर धर्मोपदेशकाची दीक्षा घ्यावी लागे. केली यांनी कायद्याची वाट धरली. १८४९ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

मालमत्तेच्या हस्तांतरणाचे दस्तऐवज तयार करण्यात त्यांचा हातखंडा होता. मात्र चरितार्थापुरतेच काम स्वीकारायचे आणि उरलेला वेळ गणिताला द्यायचा, हा त्यांचा नेम होता. वकिलीच्या चौदा वर्षांत त्यांनी दोनशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. याच काळात जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. ‘मॅट्रिक्स’ हा शब्द १८५० मध्ये सिल्व्हेस्टर यांनीच रूढ केला.

केली यांचा मॅट्रिक्सवरील पायाभूत निबंध १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला. आकड्यांच्या तक्त्यांचीही बेरीज आणि गुणाकार करता येतो, मात्र गुणाकारात क्रम बदलला की उत्तरही बदलू शकते, हे त्यांनी दाखवले. शून्य मॅट्रिक्स आणि एकक मॅट्रिक्स यांना त्यांनी या बीजगणितात स्थान दिले. एककामुळेच व्यस्त मॅट्रिक्सची कल्पना शक्य झाली: ज्याच्याशी गुणाकार केल्यावर एकक मिळतो, तो व्यस्त. अनेक समीकरणे एकाच वेळी सोडवण्याची किल्ली इथे आहे.

१८६३ मध्ये केंब्रिजने त्यांना सॅडलेरियन प्राध्यापकपद देऊ केले. वकिलीच्या मानाने वेतन फारच कमी होते. केली यांनी ते पद स्वीकारले आणि अखेरपर्यंत सांभाळले. २६ जानेवारी १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. नऊशेहून अधिक निबंधांचा त्यांचा संग्रह तेरा खंडांत सामावला आहे.

१९२५ मध्ये हायझेनबर्ग यांच्या क्वांटम सिद्धांतातील गुणाकार हा मॅट्रिक्सचाच गुणाकार असल्याचे मॅक्स बॉर्न यांनी ओळखले. त्यानंतर संगणक आला आणि अभियांत्रिकीपासून चित्रपटांतील ग्राफिक्सपर्यंत मॅट्रिक्सवाचून पान हलेनासे झाले. हा विस्तार पाहण्यास केली नव्हते. भरघोस मिळकत सोडून त्यांनी ज्या गणिताची निवड केली, त्याचा व्यवहारातील मोबदला पुढच्या पिढ्यांच्या पदरी पडला.