दोन हजार वर्षं जुना? छे, नवाकोरा!
कॅमिओ म्हणजे दगडात किंवा शिंपल्यात उठावाने कोरलेलं चित्र. तो किती जुना, हे कसं ओळखाल? त्याआधी बेनेदेत्तो पिस्त्रुचीला भेटा. जन्म १७८३, रोम. त्याने कोरलेली फ्लोरा देवी एका व्यापाऱ्याने लंडनच्या रिचर्ड पेन नाइट या नामांकित संग्राहकाला प्राचीन म्हणून विकली. १८१५ मध्ये पिस्त्रुची लंडनला आला. ती दिसताच त्याने आपलंच काम असल्याचं सांगून टाकलं. नाइट मानेना! मग पठ्ठ्याने दुसरी फ्लोरा कोरून दाखवली. १८१७ च्या ब्रिटिश सॉव्हरिनवरचा घोडेस्वारही त्याचाच; १९१८ मध्ये तेच नाणं मुंबईतही पाडलं गेलं. १८५५ मध्ये तो वारला. फ्लोरा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याच्याच नावावर. तेव्हा कॅमिओवरच्या ग्रीक-रोमन चेहऱ्यावर भाळू नका. चेहरा पुराणातला असला, तरी कोरणारा हात कालचा असू शकतो.